लॉनवर प्रचाराची पाटी: अमेरिकेतल्या नव्या घरात ती कुठे, कधी आणि कशी लावावी

काल लॉनवर लावलेली प्रचाराची पाटी आज सकाळी दिसली नाही, की पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. पुष्कळदा मात्र ती शहराच्या पब्लिक वर्क्सच्या माणसांनी उचललेली असते, आणि तीही कायद्याला धरून. फुटपाथ आणि रस्त्याची कड यांच्यामधल्या पट्टीतलं गवत तुम्ही कापता, पाणी तुम्ही घालता, हिवाळ्यात बर्फ तुम्ही ओढता. तरीही ती पट्टी बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या हद्दीत मोडते. तिथे पाटी रोवली, तर ती तुमच्या घराची पाटी राहत नाही.

नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची दोन बाजूंनी फसगत होते. काही जण कुठेही पाटी ठोकतात, कारण आपल्याकडे विजेच्या खांबावर फ्लेक्स बघायची डोळ्याला सवय असते. काही जण एचओएच्या (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) एका पत्राला घाबरून, कायद्याने पूर्ण हक्क असताना पाटी काढून गॅरेजमध्ये टाकतात. दुसरी चूक आम्हाला जास्त सलते. स्कूल बोर्डाची जागा, शहर परिषदेची जागा, शाळेच्या बाँडचा प्रश्न अशा निवडणुका थोड्या मतांवर फिरतात, आणि तिथे गल्लीतल्या चार घरांसमोरच्या पाट्या लोकांच्या नजरेत भरतात.

आधी ठरवा: तुमच्यावर कोणाकोणाचा नियम चालतो

तीन जणांचा चालू शकतो. शहराचा किंवा काउंटीचा, राज्याचा, आणि वसाहतीत राहत असाल तर एचओएचा. तिघांची ताकद सारखी नाही.

शहराचे हात सर्वात जास्त बांधलेले आहेत. १९९० च्या डिसेंबरात मिसुरीतल्या लाड्यू या सेंट लुइसच्या उपनगरात मार्गारेट गिलिओ यांनी आखाती युद्धाला विरोध करणारी २४ बाय ३६ इंचांची पाटी आपल्या अंगणात लावली. एक पाटी चोरीला गेली, दुसरी कोणी तरी पाडली. पोलिसांत गेल्यावर कळलं, की लाड्यूत अशा पाट्यांनाच बंदी आहे. त्या कोर्टात गेल्या आणि मधल्या काळात वरच्या मजल्याच्या खिडकीत टाइप केलेल्या कागदाएवढी छोटी पाटी लावली. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला: आपल्या घरातून आपलं मत पाटीवर मांडण्याचा मार्ग शहर सरसकट बंद करू शकत नाही.

दुसरा निकाल २०१५ चा, ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा. तिथल्या नियमात विचार मांडणाऱ्या पाटीला २० चौरस फूट, राजकीय पाटीला घरासमोर १६ चौरस फूट, आणि एका लहानशा चर्चच्या प्रार्थनेची वाट दाखवणाऱ्या पाटीला ६ चौरस फूट अशी वेगवेगळी मापं होती. कोर्टाने हे मोडीत काढलं. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून नियम बदलत असेल, तर तो नियम टिकणं फार अवघड, असा त्याचा अर्थ.

याचा तुम्हाला व्यवहारात उपयोग असा. शहर मापावर, उंचीवर, रस्त्यापासूनच्या अंतरावर आणि दिव्यांवर नियम करू शकतं, पण ते सगळ्यांना सारखे लागू हवेत. ‘घर विकणे आहे’ची पाटी सहा महिने चालते आणि उमेदवाराची तीसच दिवस, असा नियम दिसला तर तो कोर्टात टिकणं कठीण असतं. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टकोमा शहराची ‘मतदानाआधी फक्त ६० दिवस’ ही मर्यादा १९९३ मध्येच फेटाळली होती.

एचओएची गोष्ट निराळी. ती सरकार नाही. घर घेताना सह्या केलेल्या कागदांतून तिला अधिकार मिळतो, म्हणून गिलिओचा निकाल तिला थेट लागू होत नाही. तिथे तुम्हाला वाचवतो तो राज्याचा कायदा, आणि प्रत्येक राज्यात तो वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ.

शहराचा नियम शोधायचा कसा

शहराच्या वेबसाइटवर ‘पोलिटिकल साइन’ शोधून पुष्कळदा काहीच सापडत नाही. गिल्बर्टच्या निकालानंतर अनेक शहरांनी तो शब्दच नियमांतून काढला. त्याऐवजी ‘टेम्पररी साइन’ आणि ‘नॉन-कमर्शियल साइन’ हे शब्द टाका. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियातल्या पुष्कळ गावांचे नियम ईकोड३६० या साइटवर असतात. टेक्सस, नॉर्थ कॅरोलायनातल्या अनेक शहरांचे म्युनिकोडवर. झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणाऱ्या नियमांच्या, प्रकरणात ‘साइन्स’ असा भाग असतो. त्यात आपला निवासी विभाग शोधून पाच गोष्टी कागदावर टिपा: एका पाटीचं कमाल क्षेत्रफळ, सगळ्या पाट्या मिळून क्षेत्रफळ, जमिनीपासून उंची, हद्दीपासून किंवा रस्त्याच्या कडेपासून अंतर, आणि कोपऱ्यावरच्या घरांसाठी वेगळा नियम.

कागदावर न कळलेलं झोनिंग ऑफिसरला किंवा सिटी क्लार्कला ईमेलने विचारा. फोन करू नका असं नाही, पण उत्तर लेखी असलेलं बरं. पुढे कोणी तक्रार केली तर तो ईमेलच कामाला येतो.

माप घ्यायला सोपं आहे. प्रचार कार्यालयातून मिळणारी नेहमीची पाटी १८ बाय २४ इंचांची, म्हणजे ३ चौरस फूट. २४ बाय ३६ ची झाली ६ चौरस फूट. चार बाय चार फुटांची मोठी पाटी १६ चौरस फूट, आणि चार बाय आठची ३२. दोन्ही बाजूंनी छापलेली पाटी बहुतेक नियमांत एकाच बाजूने मोजतात, पण व्ही आकारात लावलेल्या दोन पाट्या दोन धरल्या जाऊ शकतात. नेहमीच्या छोट्या पाटीला मापाची अडचण क्वचितच येते. अडचण येते ती जागेची.

टेक्ससमध्ये हे काम राज्यानेच सोपं करून ठेवलंय. खासगी जागेवरच्या राजकीय पाटीवर शहराला बंधन घालता येतं ते ती ३६ चौरस फुटांपेक्षा मोठी, ८ फुटांपेक्षा उंच, दिवे लावलेली किंवा हलणाऱ्या भागांची असेल तरच. इलिनॉयमध्ये शहर माप ठरवू शकतं, पण घरासमोरच्या राजकीय पाटीवर काळाची मर्यादा घालू शकत नाही. तिथे वर्षभर पाटी ठेवली तरी चालते.

हद्द कुठे आहे? हे सर्वात महत्त्वाचं

रस्त्याचं डांबर संपलं की शहराची जागा संपली, असा समज असतो. खरं तर ‘राइट ऑफ वे’, म्हणजे रस्त्याची हद्द, डांबराच्या पलीकडे अंगणात बरीच आत येते. नेमकी किती, हे दर रस्त्याला वेगळं. शोधायचे तीन मार्ग आहेत.

घराच्या क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होतानाच्या, कागदांत सर्व्हे किंवा प्लॅट (प्लॉटचा मोजणी नकाशा) असतो. त्यात तुमच्या प्लॉटच्या पुढच्या रेषेवर लांबी लिहिलेली दिसेल आणि रस्त्याच्या नावाखाली त्याची एकूण रुंदी, समजा ५० फूट. आता टेप घेऊन बाहेर जा आणि रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा. समजा २८ फूट भरला. ५० वजा २८ म्हणजे २२, आणि रस्ता बरोबर मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना ११-११ फूट. म्हणजे तुमच्या बाजूला कडेपासून ११ फूट आतपर्यंत जागा तुमची नाही. फुटपाथ धरून साधारण तिथेच हद्द येते. हे एकदा स्वतः मोजलं, की कुठल्या वादात गोंधळ उडत नाही.

कागद सापडत नसतील, तर काउंटीच्या साइटवर पार्सल व्ह्यूअर नावाचा नकाशा असतो. पत्ता टाकला की हवाई फोटोवर प्लॉटच्या रेषा दिसतात. त्या रेषा दोन-चार फूट इकडेतिकडे असू शकतात, म्हणून अगदी काठावर विसंबू नका.

तिसरा मार्ग नजरेचा. फुटपाथ असेल तर त्याच्या घराकडच्या बाजूला, किमान एक-दोन फूट आत. फुटपाथ नसेल तर विजेचे खांब, पाण्याच्या मीटरचं झाकण, फायर हायड्रंट कुठे आहेत ते पाहा. हे सगळं साधारणपणे रस्त्याच्या हद्दीत असतं. पाटी त्यांच्यापेक्षा घराच्या जवळ हवी. खांबावर, झाडावर, स्टॉप साइनच्या दांड्यावर तर कधीच नाही. सरकारी खांबांवर पाट्या चिकटवण्यास शहर बंदी घालू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसच्या खटल्यात १९८४ मध्येच सांगितलंय. मेलबॉक्सही सोडा. पेटी तुम्ही विकत आणलेली असली तरी तिच्यावर किंवा तिच्या खांबावर जाहिरात लावायला पोस्टाचे नियम मनाई करतात.

कोपऱ्यावरच्या घराला आणखी एक अट असते: ‘साइट ट्रँगल’. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतर, अनेक शहरांत २५ फूट, मोजून तिरकी रेषा मारायची. त्या त्रिकोणात अडीच-तीन फुटांपेक्षा उंच काही ठेवायचं नाही. हा नियम मनापासून पाळा. वळणाऱ्या गाडीला सायकलवरचं मूल दिसलं पाहिजे.

हद्दीत लावल्याचे परिणाम राज्यागणिक वेगळे. व्हर्जिनियात राज्य महामार्गाच्या हद्दीतल्या बेकायदा पाटीला प्रत्येकी १०० डॉलर दंड आहे. टेक्ससमध्ये अनेक पाट्यांवर खाली बारीक अक्षरांत ‘ही पाटी महामार्गाच्या हद्दीत लावणं राज्याच्या कायद्याचा भंग आहे’ अशी सूचना छापलेली दिसेल. ती कायद्यानेच छापावी लागते, म्हणून पाटी कापून लहान करायला जाऊ नका. उलट नॉर्थ कॅरोलायनात राज्याच्या रस्त्यांच्या हद्दीत राजकीय पाटीला मुभा आहे, पण मोजून मापून: लवकर मतदान सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून निवडणुकीनंतर १० दिवसांपर्यंत, डांबराच्या कडेपासून किमान ३ फूट, डांबरापासून उंची ४२ इंचांपर्यंत, क्षेत्रफळ ८६४ चौरस इंचांपर्यंत (२४ बाय ३६ ची पाटी बरोबर एवढीच भरते), आणि ज्याच्या घरापुढे पाटी लावायची त्या मालकाची परवानगी घेऊन. म्हणजे कॅरी किंवा मॉरिसव्हिलच्या बाजूला तुमच्या घरापुढे कोणी न विचारता पाटी रोवली, तर हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

एचओए असेल तर राज्याचा कायदा वाचा

घर घेताना मिळालेल्या जाड फाइलमध्ये सीसीअँडआर (वसाहतीतल्या घरांवर बंधनकारक असलेल्या अटी) आणि ‘रूल्स अँड रेग्युलेशन्स’ असे दोन दस्तऐवज असतात. दोन्हींत ‘साइन्स’ शोधा. ‘विक्रीची पाटी सोडून कोणतीही पाटी चालणार नाही’ असं लिहिलेलं हमखास सापडेल. त्यावर तिथेच थांबू नका.

टेक्ससमध्ये प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.००९ आहे. मतदानाच्या ९० दिवस आधीपासून मतदानानंतरचा १० वा दिवस उजाडेपर्यंत एचओए उमेदवाराची किंवा मतपत्रिकेवरच्या प्रश्नाची पाटी रोखू शकत नाही. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी हिशोब करा: ५ ऑगस्टपासून लावता येईल आणि १२ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत काढलेली बरी. एचओएला मात्र काही अटी घालता येतात: पाटी जमिनीत रोवलेली हवी, एका उमेदवाराची एकच हवी, ४ बाय ६ फुटांपेक्षा मोठी नको, फुगे, दिवे, झिरमिळ्या नकोत, झाडाला किंवा गाडीला बांधलेली नको. अटी मोडणारी पाटी ते स्वतः येऊन काढू शकतात. फ्रिस्को किंवा शुगरलँडला घर असलेल्यांची एक नेहमीची चूक म्हणजे पाटी खिडकीत लावणं. एचओएने ‘जमिनीतच’ असा नियम केला असेल, तर खिडकीतली पाटी या कलमाच्या संरक्षणाबाहेर जाते.

कॅलिफोर्नियात सिव्हिल कोडचं कलम ४७१० जास्त मोकळं आहे. तुमच्या स्वतःच्या मालकीच्या भागात, म्हणजे अंगण, खिडकी, दार, बाल्कनी, बाहेरची भिंत, कुठेही कागद, पुठ्ठा, कापड किंवा प्लॅस्टिकची बिगरव्यापारी पाटी लावता येते, आणि कलमात निवडणुकीच्या तारखेचं बंधन नाही. एचओए ९ चौरस फुटांपेक्षा मोठी पाटी आणि १५ चौरस फुटांपेक्षा मोठा झेंडा किंवा बॅनर तेवढा नाकारू शकते. फ्रीमाँट-सनीव्हेलमधल्या टाउनहोममध्ये राहणाऱ्यांनी ‘स्वतःच्या मालकीच्या भागात’ हे शब्द पुन्हा वाचावेत. दारापुढचा हिरवा तुकडा तिथे पुष्कळदा सगळ्यांच्या सामाईक मालकीचा असतो. नकाशा तपासा, आणि शंका असेल तर खिडकीच वापरा.

न्यू जर्सीत आधार आहे तो राज्यघटनेचा आणि कोर्टाचा, आणि त्यातला मुख्य खटला आपल्या लोकांना ओळखीच्या पार्सिपनीतलाच आहे. वसीम खान टाउन कौन्सिलला उभे होते. त्यांनी मॅझडाब्रूक कॉमन्समधल्या आपल्या टाउनहोमच्या खिडकीत आणि दारात, आतून, स्वतःच्या प्रचाराच्या पाट्या लावल्या. असोसिएशनचा नियम विक्रीच्या पाटीशिवाय सगळ्यांना बंदी घालणारा होता. २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जवळपास सरसकट बंदी रद्द ठरवली. त्याआधी २००७ मध्ये ट्विन रिव्हर्सच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सौम्य नियम मान्य केला होता: लॉनवर एक पाटी, तीही घरापासून तीन फुटांच्या आत फुलांच्या वाफ्यात, आणि प्रत्येक खिडकीत एक. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की वाट कळते. असोसिएशन ‘कुठे’ आणि ‘किती’ हे वाजवी प्रमाणात ठरवू शकते. ‘अजिबात नाही’ म्हणू शकत नाही.

या तीन राज्यांबाहेर असाल, तर राज्याच्या विधिमंडळाच्या साइटवर ‘होमओनर्स असोसिएशन पोलिटिकल साइन’ असं शोधा. संरक्षण देणारं कलम नसेल, तर सीसीअँडआर हाच शेवटचा शब्द. मग बोर्डाच्या बैठकीत जाऊन नियम बदलून घ्यायचा, एवढाच मार्ग उरतो.

भाड्याच्या घरात

लीज वाचा. कॅलिफोर्नियात सिव्हिल कोड १९४०.४ प्रमाणे घरमालक भाडेकरूला राजकीय पाटी लावायला बंदी करू शकत नाही. सहा चौरस फुटांपेक्षा मोठी पाटी मात्र नाकारू शकतो, आणि मतदानाआधी ९० व नंतर १५ दिवस अशी मुदत घालू शकतो. बाकी ठिकाणी घरमालकाला एक ओळीचा ईमेल टाकून होकार घ्या. पूर्ण घर भाड्याने असलं तरी लॉनवर खिळे-खांब ठोकायचा निर्णय त्याचा असतो. काँडोत किंवा अपार्टमेंटमध्ये काचेच्या आतून लावलेली पाटी हा सर्वांत कमी वादाचा पर्याय. पण कागद काचेला टेपने थेट चिकटवू नका. उन्हात टेपचा डाग बसतो आणि डिपॉझिटमधून कापून घेतात.

व्हिसावर असाल तर हे आधी वाचा

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावरच्या माणसाला फेडरल, राज्य किंवा गावपातळीवरच्या कोणत्याही निवडणुकीत उमेदवाराला पैसे देता येत नाहीत आणि त्याच्या प्रचारावर खर्चही करता येत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. इथे एक सापळा आहे. प्रचाराच्या साइटवर पाटी मागवताना पाच-दहा डॉलर ‘चिप इन’ करायला सांगतात. ती किंमत नसते, ती देणगी धरली जाते, पूर्णच्या पूर्ण. व्हिसावर असाल तर ते बटण दाबू नका. मित्राला पैसे देऊन त्याच्या नावाने मागवू नका. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या नावाने तुमचे पैसे देणंही त्यातच येतं.

बिनपैशाचं स्वयंसेवकाचं काम करायला परवानगी आहे; मानधन घेतलं तर ते परवान्याबाहेरचं काम होईल. प्रचारकांनी फुकट दिलेली पाटी आपल्या घरासमोर उभी करणं म्हणजे मत मांडणं आहे, खर्च करणं नाही. तरी ग्रीन कार्डाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज चालू असेल, तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक फोन केल्याशिवाय लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि पाट्या वाटायला आलेला उत्साही कार्यकर्ता मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे करेल, तर नागरिक नसलेल्या कोणीही त्यावर सही करायची नाही. चुकून झालेली नोंदणीही देश सोडायला लावू शकते.

भारतातून आलेल्या आई-बाबांनाही हे सांगून ठेवा. दुपारी घरी तेच असतात. दारावर कोणी हसून काही विचारलं की ते मान डोलावतात, आणि संध्याकाळी तुम्ही घरी येता तेव्हा लॉनवर भलत्याच उमेदवाराची पाटी उभी असते. असं झालं तर चिडू नका. होकार मागे घेता येतो. पाटीवरच्या नंबरवर फोन करून घेऊन जायला सांगा, किंवा स्वतः काढून गॅरेजमध्ये ठेवा.

आता पाटी रोवा

पाटी म्हणजे साधारण ४ मिलिमीटर जाडीचं नळीदार प्लॅस्टिक. कडेने पाहिलं तर आत बारीक उभ्या नळ्या दिसतात, पुठ्ठ्याच्या खोक्यासारख्या. सोबत तारेची इंग्रजी एच आकाराची चौकट येते, साधारण १० इंच रुंद आणि ३० इंच उंच.

१. आदल्या संध्याकाळी जागा भिजवा. टेक्ससची चिकणमाती ऑगस्टमध्ये विटेसारखी होते. कोरड्यात जोर लावला की तार वाकते. फारच कडक असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरने दोन भोकं आधी पाडून घ्या.

२. जमिनीखाली काय आहे ते आठवा. स्प्रिंकलरच्या नळ्या, इंटरनेटची केबल आणि कुत्र्यासाठीचं अदृश्य कुंपण फार वरवर असतात. तार सात-आठ इंच आत गेली की केबल तुटू शकते. मोठ्या पाटीसाठी लाकडी किंवा लोखंडी खांब पुरायचे असतील, तर काही दिवस आधी ८११ ला फोन करा. ही सेवा देशभर आहे आणि घरमालकाला फुकट आहे. माणसं येऊन रंगाच्या खुणा करून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, निळा पाणी, हिरवा ड्रेनेज.

३. आधी नुसती चौकट जमिनीत घाला, पाटीशिवाय. खालच्या आडव्या तारेवर बूट ठेवून सरळ दाबा, तार जमिनीला टेकेपर्यंत. पाटी घालून दाबलं तर प्लॅस्टिक मधोमध मुडपतं आणि ती घडी पुढे कधी जात नाही.

४. मग पाटी वरून सरकवा. दोन्ही तारा एकाच वेळी, सरळ नळ्यांत जायला हव्यात. एक तार तिरकी शिरली की नळीची भिंत फाटते आणि पहिल्याच वाऱ्याला पाटी उडते. नळ्या आडव्या असलेली पाटी आली असेल, तर ती छपाईतली चूक आहे; बदलून घ्या.

५. पाटीची खालची कड जमिनीपासून पाच-सहा इंचांपेक्षा वर ठेवू नका, कारण उंच पाटीत वारा शिडासारखा भरतो. तळाशी दोन्ही बाजूंना भोक पाडून झिप टायने तारेला बांधा.

दिशा महत्त्वाची आहे. पाटी रस्त्याला समांतर लावली तर समोरच्या घरालाच नीट दिसते. रस्त्याशी काटकोनात लावा, म्हणजे दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांना एकेक बाजू वाचता येते. स्प्रिंकलरच्या तोंडासमोर नको, नाही तर चार दिवसांत चिखलाचे शिंतोडे बसतात. आमच्या मते सर्वात चांगली जागा म्हणजे घराच्या पुढच्या बाजूचा मल्चचा वाफा. तिथे गवत कापणारा माणूस मशीन घेऊन येत नाही. लॉनच्या मध्यावरची पाटी तो उपटून बाजूला ठेवतो आणि परत लावताना नेमकी फुटपाथपलीकडच्या पट्टीत लावतो. मग पाटी जप्त होते आणि दोष मात्र शेजाऱ्याला मिळतो.

घर शाळेला किंवा कम्युनिटी सेंटरला लागून असेल आणि तिथे मतदान केंद्र असेल, तर आणखी एक तपासणी करा. अनेक राज्यांत, टेक्सस, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी धरून, केंद्राच्या १०० फुटांच्या आत प्रचाराला बंदी असते. लवकर मतदान सुरू होतं त्या दिवसापासून ती लागू होऊ शकते. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला पत्ता सांगून विचारा.

पाटी लावली की दोन फोटो काढा: एक टेप लावून, रस्त्याच्या कडेपासून अंतर दिसेल असा, एक लांबून, घर आणि फुटपाथ दोन्ही येतील असा. तारीख फोटोत आपोआप राहते.

नोटीस आली, किंवा पाटी गेली

शहराच्या कोड एन्फोर्समेंटचं पत्र आलं, तर त्यात कलमाचा क्रमांक आणि सुधारणेची मुदत असते. जागा चुकली असेल तर त्याच दिवशी पाटी आत घ्या आणि फोटो पाठवा. प्रकरण तिथेच मिटतं. चूक नसेल, तर काढलेले दोन फोटो, मोजलेलं अंतर आणि तुमच्याकडचा झोनिंगचा ईमेल जोडून उत्तर द्या. दारात आलेल्या माणसाशी वाद घालू नका. त्याच्या हातात निर्णय नसतो.

एचओएच्या पत्राला चार ओळींचं उत्तर पुरतं: पाटीचं माप, ती कुठे आहे, राज्याच्या कायद्याचं कलम, आणि ‘आपण कोणत्या नियमाखाली हरकत घेत आहात ते लेखी कळवावं’ ही विनंती. फोन आला तरी उत्तर लेखीच द्या. कॅलिफोर्नियात दंड ठरवण्याआधी बोर्डाला किमान १० दिवसांची लेखी सूचना देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. त्या बैठकीला जा. कलमाची छापील प्रत हातात असलेला सभासद समोर बसला, की चर्चा लवकर संपते.

पाटी चोरीला गेली तर आधी शहराच्या पब्लिक वर्क्सला फोन करा. उचललेल्या पाट्या ते पुष्कळदा काही दिवस आवारात ठेवतात. तिथे नसेल तर पोलिसांच्या साध्या, तातडीच्या नसलेल्या नंबरवर तक्रार नोंदवा आणि प्रचार कार्यालयाला कळवून दुसरी मागवा. पाटीला ब्लेड, खिळे, करंट असलं काही लावू नका. उद्या शेजारचं लहान मूल त्यावर पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येईल. आणि समोरच्या घरातली पाटी कितीही खटकली, तरी तिला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या लॉनवर पाऊल टाकून पाटी उपटणं ही चोरी आहे आणि घुसखोरीही.

काढण्याची वेळ

प्राथमिक निवडणुकीत तुमचा उमेदवार जिंकला, किंवा रनऑफला (पुन्हा होणाऱ्या निर्णायक मतदानाला) गेला, तर पाटी जपून ठेवा; तुमच्याकडे दिवसांची मर्यादा असेल, तर मधल्या काळात ती काढावी लागू शकते. मुदत पुढच्या मतदानापासून मोजतात. हरला तर लगेच काढा. नोव्हेंबरच्या मतदानानंतर एका आठवड्यात काढून टाकली, तर जवळपास कुठल्याही नियमात बसते. चौकट हलवत हलवत सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर एक पाय जमिनीत तुटून राहतो आणि वसंतात तो गवत कापण्याच्या मशीनच्या पात्यात येतो. तारेच्या चौकटी प्रचार कार्यालयं आनंदाने परत घेतात. प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीनचं असतं, पाच नंबरचं, आणि रस्त्याकडेच्या निळ्या डब्यात बहुतेक शहरं अशी पाटी घेत नाहीत. काउंटीच्या रिसायकलिंग केंद्राला विचारा. गॅरेजमध्ये रंगकाम करताना खाली अंथरायलाही ती चांगली.